जाळीआडचे दिवे आणि रात्रीचा रस्ता

(रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने शासकीय वाहनांचे चालक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



रात्रीच्या वेळी घाट चढणाऱ्या वाहनाला दोन शत्रू असतात. एक अंधार आणि दुसरा समोरून येणारा अनावर प्रकाश. पहिल्या शत्रूवर मात करण्याच्या भरात दुसऱ्याला आपणच जन्म देतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आंबोलीच्या धुक्यात, कसाऱ्याच्या वळणांवर किंवा ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनी गजबजलेल्या पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर ज्यांना कामानिमित्त रात्री-अपरात्री प्रवास करावा लागतो, त्यांना गाडीचे मूळ दिवे अपुरे वाटतात. मग कोणी बंपरवर, तर कोणी टपावर जादा दिवे बसवितो. अलीकडे अनेकांचा कल हे दिवे पुढच्या जाळीच्या आत, म्हणजे बॉनेटखाली रेडिएटरच्या समोर बसविण्याकडे दिसतो. ही पद्धत चांगली की वाईट, ती कशी अमलात आणावी आणि कोठे थांबावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर पाहता यंत्रकारागिराचा आहे. परंतु रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, शाळेची बस आणि कार्यालयाची जीप या सर्वांशी त्याचा संबंध येत असल्यामुळे तो सार्वजनिक हिताचाही आहे.

प्रकाश किती हवा?

प्रथम गरज किती आहे ते पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. रस्त्यात काही आडवे आले आहे हे डोळ्यांना दिसणे, मनाला उमगणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत सावध माणसाचाही सुमारे दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती थांबण्यास आणखी २३ मीटरच्या आसपास अंतर लागते. एकूण अंतर ४८ मीटर झाले. वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर हेच अंतर सुमारे ७५ मीटरवर जाते. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील, तर ते याहूनही वाढते.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडावा. मंद झोतात, ज्याला आपले चालक ‘डिपर’ म्हणतात, गडद कपड्यांतील पादचारी पुष्कळदा ४०-५० मीटरच्या आतच दिसतो. मागे दिवा अथवा परावर्तक नसलेली बैलगाडीही बहुधा तेवढ्याच अंतरावरून नजरेस पडते. याचा अर्थ असा, की ताशी ८० किलोमीटर वेगाने डिपरवर जाणारा चालक वस्तुतः न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. प्रखर झोतात, म्हणजे ‘अप्पर’मध्ये, ही दृष्टी लांबते. तिला आणखी पल्ला देणे एवढेच जादा दिव्यांचे काम आहे. ते दिवे वेग वाढविण्याचा परवाना नव्हेत, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट झालेली बरी.

दिव्यांचे दोन प्रकार

जादा दिवे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत हे अनेक फसलेल्या कामांचे मूळ आहे. लांब पल्ल्याच्या दिव्याचा झोत अरुंद, घट्ट आणि दूरवर जाणारा असतो. धुक्याच्या दिव्याचा झोत आडवा पसरट असून वरच्या बाजूला धारदार रेषेने कापलेला असतो. धुके हे हवेतील सूक्ष्म जलकणांचे बनलेले असल्याने वर उसळलेला प्रकाश त्या कणांवरून उलट चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्याचा दिवा बंपरच्या पातळीला किंवा त्याखाली, शक्य तितका जमिनीजवळ असावा लागतो. लांब पल्ल्याचा दिवा मात्र मूळ हेडलाईटच्या उंचीच्या आसपास असलेला चालतो.

यावरून एक सरळ नियम निघतो. जाळीच्या आत लांब पल्ल्याचे दिवे बसवावेत. धुक्याचे दिवे तेथे बसवू नयेत. घाटमाथ्यावरील धुक्यासाठी जाळीआड दिवे लावून घेणारा गाडीमालक पैसे खर्च करून आपली अडचण वाढवून घेत असतो.

जाळीच्या आतच का?

जाळीआड दिवे बसविण्याचे काही खरे लाभ आहेत. बंपरच्या पुढे आलेला लोखंडी क्लॅम्प आणि काच पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला धडकेच्या वेळी अधिक इजा करतात. जाळीच्या आतील दिवा बाहेर डोकावत नाही. उडणारे खडे, गुरांची शिंगे आणि बाजारातील गर्दी यांपासून तो सुरक्षित राहतो. त्याची चोरी करणेही सोपे नसते. शिवाय गाडीचे रूप बिघडत नाही.

परंतु प्रत्येक लाभाची किंमत मोजावी लागते. जाळीच्या पट्ट्या दिव्याच्या समोर येतात. काचेचा एक तृतीयांश भाग पट्ट्यांनी झाकला, तर निदान तेवढा प्रकाश वाया जातो. उरलेल्यापैकी काही भाग चकचकीत पट्ट्यांवर आपटून इतस्ततः विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश समोरच्याचे डोळे दिपवितो आणि आपल्याला उपयोगी पडत नाही. दुसरी किंमत हवेची. जाळी ही शोभेसाठी नसून रेडिएटरला वारा मिळावा म्हणून असते. मोठ्या घेराचे दोन दिवे तिच्यामागे ठाण मांडून बसले, तर त्यांच्या सावलीतील रेडिएटरला वारा कमी मिळतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. मे महिन्यात भरलेल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना मात्र तापमानाचा काटा ते सांगू लागतो. तिसरी किंमत उष्णतेची. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा घेत असलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. जाळी प्लास्टिकची असेल आणि दिवा तिला टेकलेला असेल, तर ती वाकते किंवा वितळते.

म्हणून निवड करताना लहान घेराचे, कमी खोलीचे दिवे घ्यावेत. जाळीच्या पट्ट्यांमधील मोकळी जागा जेथे सर्वांत अधिक असेल, तेथेच ते बसवावेत. अशी जागा मुळीच नसेल, पट्ट्या दाट असतील किंवा रेडिएटर जाळीला खेटून असेल, तर त्या गाडीपुरता हा विचार सोडून द्यावा. नकार देणारा कारागीर हा कित्येकदा अधिक प्रामाणिक कारागीर असतो.

बसविण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. जाळी उतरवून मागील जागा मोजावी. दिव्याच्या मागे रेडिएटरपर्यंत आणि पुढे जाळीपर्यंत काही सेंटिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. कारण गाडी चालताना इंजिन, रेडिएटर आणि पत्रा हे सर्वच थोडेथोडे हलत असतात.

दिव्याचा क्लॅम्प जाळीला कधीही अडकवू नये. जाळी हलकी असते आणि तिच्यावर टांगलेला दिवा सतत थरथरतो. त्यामुळे झोत रस्त्यावर नाचत राहतो आणि दिव्यातील तार लवकर तुटते. रेडिएटरला किंवा त्याच्या नळ्यांना आधार घेणे तर सर्वस्वी चुकीचे होय. बॉनेटच्या कुलपाखालील आडवा पत्रा किंवा बंपरमागील आडवी पट्टी यांपैकी जो भाग सांगाड्याशी घट्ट जोडलेला असेल, त्यालाच जाड लोखंडी पट्टी बसवून तिच्यावर दिवे ठेवावेत. पट्टीला गंजरोधक रंग द्यावा. नटखाली स्प्रिंग वायसर घालावा. हॅलोजन बल्ब बसविताना त्याच्या काचेला बोट लावू नये. त्वचेवरील तेलकटपणा काचेवर राहिला, की तेवढी जागा अधिक तापते आणि बल्ब अकाली निकामी होतो.

झोताची दिशा बदलण्याचे स्क्रू जाळी परत बसविल्यानंतरही हाती लागतील अशी योजना आधीच करावी. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट विसरली जाते. मग दिवा एकदा जसा लागला तसाच आयुष्यभर राहतो आणि झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश पाडीत गाडी गावोगाव फिरते.

विजेची जोडणी

या कामातील खरे शास्त्र जोडणीत आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ९ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतात. हा प्रवाह हेडलाईटच्या मूळ तारेतून किंवा डॅशबोर्डवरील लहान बटणातून नेणे म्हणजे अंगणातील पन्हाळीतून ओढ्याचे पाणी सोडण्यासारखे आहे. तार तापते, बटणाचे टोक जळते आणि प्रसंगी आग लागते.

आग लागली नाही तरी प्रकाश घटतो, हे हिशेबाने दाखविता येते. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर लांब तारेतून एवढा प्रवाह गेला, तर सुमारे एक व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. तापतारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घसरतो. एका व्होल्टच्या घटीने जवळजवळ एक चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची आणि दोन मीटर लांबीची घेतली, तर घट एका व्होल्टच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. बाजारातून अधिक वॅटचा बल्ब आणण्यापूर्वी आहे त्याच दिव्याला पुरेशी वीज मिळते की नाही हे पाहावे, असे जाणते कारागीर सांगतात, ते याच कारणाने.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले हे विजेने चालणारे बटण होय. त्यातील लहान वेटोळ्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो. ते वेटोळे आतील जाड टोके जोडते आणि त्या टोकांतून बॅटरीचा मोठा प्रवाह थेट दिव्यांकडे जातो. रिलेवर सामान्यतः चार क्रमांक छापलेले असतात. ३० या टोकाला बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी जाड तार जोडावी. ८७ वरून दिव्यांकडे तार न्यावी. ८५ अर्थला जोडावे. ८६ ला हेडलाईटच्या अप्परच्या तारेतून, मध्ये डॅशबोर्डवरील स्वतंत्र बटण घेऊन, इशारा द्यावा. काही गाड्यांत हेडलाईटचे नियंत्रण अर्थच्या बाजूने केलेले असते. तेथे ही जोडणी बदलावी लागते. म्हणून आधी मीटरने तपासून घेणे आवश्यक आहे.

बॅटरीकडून निघालेल्या तारेवर १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार निराधार असते. ती घासून पत्र्याला टेकली, तर तिला वाचविणारे कोणी नसते. पत्र्यातील भोकातून तार नेताना रबरी कडे घालावे. अर्थचा बोल्ट जेथे बसतो, तेथील रंग खरवडून पत्रा स्वच्छ करावा. रिलेची टोके खाली येतील असा तो उभा लावावा, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय कायमची सोडली पाहिजे.

एका तारेतील शिष्टाचार

रिलेचा इशारा अप्परच्या तारेतूनच का घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो इशारा सरळ बॅटरीवरून घेतला, तर जादा दिवे मूळ दिव्यांशी संबंध न ठेवता जळत राहतात. समोरून वाहन आले, की चालक सवयीने डिपर देतो. त्याच्या समजुतीने त्याने आपले कर्तव्य केलेले असते. जाळीआडचे दोन दिवे मात्र समोरच्याच्या डोळ्यांत तसेच रोखलेले राहतात. इशारा अप्परवरून घेतल्यास डिपर देताच जादा दिवे आपोआप विझतात. माणसाच्या स्मरणावर आणि सौजन्यावर जे अवलंबून राहिले असते, ते एक तार पार पाडते.

कायद्याचा आशयही हाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढे प्रकाश टाकणाऱ्या दिव्याचा झोत समोरच्या व्यक्तीला दिपविणार नाही इतका खाली वळलेला असावा लागतो. अथवा तो चालकाला खाली वळविता आला पाहिजे किंवा मंद झोत सुरू होताच विझला पाहिजे. दिपण्याची कसोटीही नियमाने ठरवून दिली आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर अंतरावर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा ती कसोटी होय. हा डोळा कोणाचा आहे, याची कल्पना करणे कठीण नाही. तो सायकलवरून घरी परतणाऱ्या मजुराचा असतो, रस्त्याकडेने चालणाऱ्या विद्यार्थ्याचा असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ हेही ध्यानात ठेवावे. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेशी आणि नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास ते प्रतिबंध करते. म्हणून दिवे विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी. शासकीय वाहनाच्या बाबतीत सक्षम अधिकाऱ्याची लेखी मान्यता घेतल्याविना कोणतेही काम करू नये.

अलीकडच्या गाड्यांबाबत आणखी सावधगिरी हवी. जुन्या अँबॅसडर किंवा जीपची वायरिंग उघडी आणि समजण्यास सोपी होती. त्यांपैकी अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजच्या अनेक गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय यंत्रणेकडे असते. पुढच्या भागात एअरबॅगचे संवेदक असतात, तर काही गाड्यांत जाळीमागे रडारही असतो. अशा गाडीच्या तारा कापणे किंवा रडारसमोर पट्टी आणणे धोक्याचे आहे. तेथे निर्मात्याने मान्य केलेलीच सामग्री त्याच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रातून बसवून घ्यावी.

झोताची दिशा

दिवे बसले म्हणजे काम संपले असे नव्हे. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटर अंतरावर सरळ उभी करावी. शाळेच्या पटांगणाची भिंत या कामास उत्तम. टायरमधील हवा योग्य असावी आणि चालकाच्या आसनावर एक माणूस बसवावा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीची आडवी रेषा काढावी. दोन्ही दिव्यांच्या मध्यांसमोर दोन उभ्या रेषा काढाव्यात. मग एक दिवा झाकून दुसरा लावावा. झोताचा सर्वांत तेजस्वी भाग उभ्या रेषेवर आणि आडव्या रेषेच्या किंचित खाली आला पाहिजे. मूळ हेडलाईटचा डिपरही याच वेळी तपासावा. त्याची वरची कड १० मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असावी.

गाडीच्या मागील भागात माणसे आणि सामान भरले, की पुढचा भाग उचलला जातो. झोत केवळ एक अंश वर गेला, तरी ५० मीटरवर तो जवळजवळ ८७ सेंटिमीटर उंच पोहोचतो. जो प्रकाश रिकाम्या गाडीत समोरच्याच्या गुडघ्याला लागत होता, तो भरलेल्या गाडीत त्याच्या डोळ्यांना लागतो. ज्या वाहनांवर नेहमी ओझे असते, त्यांची तपासणी ओझ्यासहच करावी.

शेवटी चार गोष्टींची परीक्षा घ्यावी. अप्पर दिल्यावर जादा दिवे लागतात काय? डिपर देताच ते विझतात काय? डॅशबोर्डवरील बटण बंद असताना अप्परमध्येही ते विझलेले राहतात काय? आणि हेडलाईट बंद असताना ते लागणे अशक्य आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी आल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये. त्यानंतर एकदा घाट चढून तापमानाचा काटा पाहावा.

दुसऱ्याचा डोळा

प्रखर झोत डोळ्यांवर पडल्यानंतर नजर पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. वय वाढते तसा हा काळही वाढतो. तीन सेकंद धरले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस तेवढ्या वेळात ५० मीटर आंधळेपणाने जातो. त्या ५० मीटरमध्ये उसाची बैलगाडी असू शकते, उभा राहिलेला ट्रॅक्टर असू शकतो किंवा आपण स्वतः असू शकतो. समोरच्याला दिपविणारा चालक आपल्याच दिशेने एक आंधळे वाहन सोडीत असतो, हे साधे सत्य प्रत्येक चालकाच्या मनावर बिंबले पाहिजे.

या कामात पंचायतींना आणि शाळांना मोठा वाटा उचलता येईल. रस्त्यावर न दिसणारी वस्तू दिसती करणे हे जादा दिवे लावण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे. बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लावलेली लाल परावर्तक पट्टी साध्या डिपरमध्येही दुरून चमकते. वळणावरच्या दगडांना चुना देणे, बिघडलेल्या वाहनासाठी चाकाखाली ठेवलेले दगड नंतर उचलणे, पहाटे शाळेला निघणाऱ्या मुलांना फिके कपडे घालण्यास सांगणे, ही कामे कोणत्याही अनुदानाची वाट पाहत नाहीत. शिक्षकांनी एखाद्या संध्याकाळी पटांगणात गाडी उभी करून भिंतीवरील झोताचा प्रयोग विद्यार्थ्यांना दाखविला, तर प्रकाशाचा धडा आणि नागरिकत्वाचा धडा एकाच वेळी शिकविला जाईल.

जादा दिवे बसवावेत की नाही, याचा निर्णय गरज, गाडी आणि कायदा यांचा विचार करून घ्यावा. बहुतेक वाहनांना त्यांची गरज नसते. काच पुसलेली, बल्ब चांगला, तारा भक्कम आणि झोत नीट लावलेला असेल, तर मूळ हेडलाईटच पुरेसे काम देतात. ज्यांना खरोखरच गरज आहे, त्यांनी ते नीट बसवावेत आणि समोर दुसऱ्या वाहनाचा उजेड दिसताच विझवावेत. रात्रीचा रस्ता हा सर्वांच्या मालकीचा आहे. तेथे आपल्या दिव्याने आपली वाट उजळावी. पण त्याच दिव्याने दुसऱ्याची वाट अंधारात बुडू नये, एवढे पथ्य सर्वांनी पाळले तर पुष्कळ घरांतील दिवे तेवत राहतील.